पेशंटला सवलत, पण सोबत जाणाऱ्याचं काय? (घरच्यांची काळजी घेणारे आणि प्रवासखर्च)

पाथर्डी_फाटा :

मंडळी, विषय थोडा रुक्ष आहे पण ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला आहे त्यांना लगेच कळेल. आई सिन्नरला असते, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू अजून पूर्ण आलेली नाही. मी नाशकात, नोकरी अंबडला, भाऊ पुण्यात. दिवसा आईजवळ एक मावशी असतात पण त्यांची सुट्टी, फिजिओ, गोळ्या, रिपोर्ट, बँक, गॅसचा नंबर, सगळं माझ्याच गळ्यात. आठवड्यात किती वेळा सिन्नर होतं ते मोजणं मी सोडून दिलंय.

परवा महिन्याचा हिशोब लिहायला बसले तर औषधांच्या खालोखाल जाण्यायेण्याचाच आकडा निघाला. एसटी परवडते हो, अर्धं तिकीट आहे बायकांना. खरा फटका बसतो रिक्षाचा, इकडे घर ते द्वारका चौक आणि तिकडे सिन्नर स्टँड ते आईचं घर, त्यात रात्री उशीर झाला की रिक्षावाला म्हणेल तो भाव. आणि ज्या दिवशी आईला नाशकात डॉक्टरकडे आणायचं त्या दिवशी स्पेशल गाडीच करावी लागते, तिला बसची पहिली पायरी जमत नाही.

तर विचारायचं असं की पेशंटसाठी सवलती आहेत हे माहितीये, पण जो माणूस सांभाळतो त्याच्या प्रवासासाठी काही आहे का? पास, भत्ता, काहीही. आणि नसेल तर तुम्ही लोक कसं निभावता?

सिडकोकर :

ताई मी पण याच लाईनीत. वडिलांचं डायलिसिस चालू आहे. काळजी घेणाऱ्याच्या नावाने वेगळा पास असा प्रकार आपल्याकडे नाही. जे आहे ते पेशंटच्या नावाने आणि पेशंट शेजारी बसलेला असेल तरच. इथे एक एसटीतले काका असतात त्यांना नेमकं माहिती असेल, बोलवा त्यांना.

खाकी_निवृत्त :

आलो. एसटीत वाहक होतो, यादी तोंडपाठ आहे, लिहितो.

७५ च्या पुढचे अमृत ज्येष्ठ नागरिक, ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत, साधीपासून एसी गाडीपर्यंत. पण तिकीट घ्यायचंच, शून्य रुपयाचं निघतं मशीनमधून, ते मागून घ्या नाहीतर तपासणीवाले चढले की उगाच वाद. ६५ ते ७५ अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं. दिव्यांग ४० टक्के किंवा वर असेल तर ७५ टक्के सवलत. कॅन्सर आणि टीबीच्या पेशंटलाही ७५. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही यांना साध्या आणि निमआराम गाडीत पूर्ण माफ.

आता तुमचा प्रश्न. दिव्यांग ६५ टक्क्यांच्या वर असेल तर त्याच्या एका साथीदाराला अर्धं तिकीट. शिवशाहीत तेच दिव्यांगाला ७० आणि साथीदाराला ४५ टक्के सवलत होते. स्वातंत्र्यसैनिकांसोबतच्या एका माणसाला पूर्ण माफ. डायलिसिसवाल्याच्या पोराला काही नाही, तो फुल तिकीट.

एक गोष्ट लक्षात ठेवा, यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) रंगीत पट्टीवर जाऊ नका. पांढरी ४० च्या खाली, पिवळी ४० ते ८०, निळी ८० च्या वर. म्हणजे पिवळ्यात ४५ वाला पण आला आणि ७० वाला पण. साथीदाराचं तिकीट मागताना कार्डावर जिथे टक्का छापलाय तिथे अंगठा ठेवून कार्ड पुढे करा. गर्दीत गाडी हलत असताना ते बारीक अक्षर वाहकाला दिसत नाही, मला तर चष्मा लावूनही दिसायचं नाही.

आणि या सगळ्या सवलती एसटीच्या. सिटीलिंक ही महापालिकेची वेगळी कंपनी, एसटीचं अर्धं तिकीट तिथे मागून भांडू नका, तो वाहक तुमच्याइतकाच हतबल आहे.

मालेगावचा_भो :

खाकी काका एक नंबर माहिती. पण माझी गंमत ऐका. वडील ७८, आई ६९, मी ४४. तिघं मालेगावहून नाशिकला डोळ्याच्या डॉक्टरकडे निघालो. वडील फुकट, आई अर्धं, आणि जो माणूस एका हातात वडिलांना आणि दुसऱ्या हातात फाइल-डबा-पाण्याची बाटली धरून चढतोय त्याचं फुल. बरं माझी बहीण घेऊन गेली असती तर तिचं अर्धं. म्हणजे सरकारने काळजी घेणाऱ्याला सवलत दिलेली आहे भो, फक्त तो बाई असला पाहिजे 😄

रागाने नाही म्हणत, बायकांना अर्धं मिळालं ते चांगलंच झालं, माझी बायको पण माहेरी जास्त जायला लागली (हे तिला दाखवू नका). पण घरात बहीण नाही, बायकोला शाळेची नोकरी, असे आमच्यासारखे पण आहेत ना.

पाथर्डी_फाटा :

@मालेगावचा_भो हसले पण खरंय. मला अर्धं तिकीट मिळतं ते मी बाई आहे म्हणून, आईला सांभाळते म्हणून नाही. भाऊ पुण्याहून येतो तेव्हा तो पूर्ण भाडं भरतो आणि आल्यावर काम तेच करतो.

बरं एसटीचा मासिक पास काढला तर? कुणी काढलाय?

खाकी_निवृत्त :

पासचं गणित सांगतो, सोपं आहे. मासिक पास म्हणजे २० दिवसांचं जाण्यायेण्याचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. आता तुम्ही बाई, अर्धं तिकीट, म्हणजे महिनाभर अगदी रोज गेलात तरी तुम्हाला १५ दिवसांचंच भाडं पडतं. तुम्हाला पास तोट्याचा. पुरुष माणूस महिन्यात २० दिवसांपेक्षा जास्त गेला तर फायदा. आणि आजारपणातलं जाणं कसं असतं, एका आठवड्यात रोज, मग दहा दिवस नाही, मग अचानक मुक्काम. पास केलाय नोकरदाराच्या हिशोबाने.

शंकासुर :

वाईट दिसेन पण लिहितो. प्रत्येकाला सवलत द्यायची तर एसटी चालणार कशी? जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्के वाढलं ते कुणाच्या खिशातून? फुल तिकीट काढणाऱ्याच्याच ना. उद्या काळजीवाहू म्हणून कार्ड काढा म्हटलं तर प्रत्येक घरात एक आजारी आजी आहेच, गल्लीतला नगरसेवक शिक्का मारून देईल आणि निम्मं गाव काळजीवाहू होईल. खोट्या दिव्यांग सर्टिफिकेटांचं काय झालं ते पाहिलंय आपण.

सिडकोकर :

@शंकासुर वाढलेलं भाडं आम्ही पण भरतोय की. आणि सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं, ते तुमच्या तिकिटातून कापत नाहीत.

शंकासुर :

सरकारचे पैसे म्हणजे कुणाचे? आणि ते वेळेवर देतं का हा वेगळा धागा होईल.

खाकी_निवृत्त :

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. खोटेपणाबद्दल सांगतो, माझ्या अनुभवात सवलतीचं कार्ड दाखवणाऱ्यांपैकी बहुतेक माणसं इतकी थकलेली असायची की खोटं बोलायचं त्राणच नसायचं. पण जिथे पेशंट शेजारी नाही तिथे वाहकाने ओळखायचं कसं हा प्रश्न खराच आहे. रिकाम्या सीटकडे बघून अर्धं तिकीट कसं फाडणार?

अनघा_नारो :

रेल्वेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सासऱ्यांना घेऊन परळला जाणं-येणं चाललं होतं. कोविडमध्ये मार्च २०२० ला रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, ज्येष्ठ नागरिकांची तर अजून गेलेलीच आहे, पण दिव्यांग, पेशंट आणि विद्यार्थी या सवलती चालू राहिल्या. लोकांना वाटतं सगळंच बंद झालं आणि विचारतच नाहीत.

कॅन्सर पेशंटला सेकंड सीटिंग आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण माफ. सोबतच्या एका माणसाला या चारही ठिकाणी ७५. म्हणजे आपल्या पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर दोघांनाही ७५. किडनीच्या पेशंटला डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटसाठी, थॅलेसेमिया, हार्टचं ऑपरेशन, यांनाही सोबतच्या माणसासकट सवलत आहे. जे दिव्यांग एकटे प्रवास करू शकत नाहीत त्यांच्या सोबतच्यालाही.

पण सवलत मूळ भाड्यावर. रिझर्व्हेशन चार्ज, सुपरफास्ट चार्ज पूर्ण. आणि पेशंटचं तिकीट मोबाईलवर निघत नाही, खिडकीवरच जावं लागतं, ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म हॉस्पिटलच्या डॉक्टरची सही आणि शिक्क्यानिशी. प्रवास घराजवळच्या स्टेशनपासून हॉस्पिटलजवळच्या स्टेशनपर्यंतच. मी एकदम जास्तीचे फॉर्म भरून घेऊन ठेवायचे, डॉक्टर राऊंडला निघायच्या आधी दारात उभं राहून सही. फॉर्मवर शिक्का फिका आला तर तिथेच दुसरा मारून घ्या, खिडकीवर गेल्यावर परत फिरावं लागतं आणि परळ काय आपल्या नाशकातल्या शालिमारला नाही.

अर्थात रिपोर्ट आणायला, ऑपरेशनची तारीख घ्यायला मी एकटी जायचे तेव्हा फुल तिकीट. आणि एकटीनेच जाणं जास्त व्हायचं, कारण प्रत्येक वेळी त्यांना ओढत कशाला न्यायचं.

सातपूरची_सिस्टर :

मी नर्स आहे (हॉस्पिटल विचारू नका). दोन-तीन गोष्टी ज्या नातेवाईकांना कुणी सांगत नाही.

महात्मा फुले योजनेत ॲडमिट झालात तर पॅकेजमध्ये पेशंटला घरी जायचं एकवेळचं भाडं धरलेलं असतं, एसटीचं किंवा रेल्वे सेकंड क्लासचं. रक्कम छोटी आहे पण हक्काची आहे. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्राला विचारा, योजनेच्या टेबलावर बसतात ते. बिलाच्या गडबडीत कुणाच्या डोक्यातही येत नाही. हेही पेशंटचंच, नातेवाईकाचं नाही.

बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ असेल तर सरकारी दवाखान्यात आणणं, रेफर केलं तर पुढे नेणं आणि घरी सोडणं मोफत आहे, १०२ ला फोन. १०८ इमर्जन्सीला. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागातल्या टीबी पेशंटला प्रवासासाठी ७५० रुपये एकदा मिळतात, बँकेत जमा होतात.

आणि ताई, पायरीबद्दल. तुम्ही म्हणालात पहिली पायरी जमत नाही. फिजिओ शिकवतात ते करून बघा, चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी. चढताना तुम्ही तिच्या मागे, उतरताना तिच्या पुढे खाली उभं राहायचं. तिला काखेत धरून वर ओढू नका, खांदा निखळतो झटक्याच्या पेशंटचा, कमरेला रुंद पट्टा किंवा ओढणी बांधून तिला धरा. आधी घरच्या पायरीवर फिजिओसमोर सराव करा, मगच बस. जमलं तर स्पेशल गाडीचे पैसे वाचतील, नाही जमलं तर जीव महत्त्वाचा.

पाथर्डी_फाटा :

सिस्टर खूप आभार. चांगला पाय आधी हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी आपली खांद्यालाच धरून वर ओढत होते. उद्याच फिजिओला विचारते.

नाना_पंचवटी :

माझं वय ७१. पत्नीला विसराळूपणाचा आजार आहे. तिला एकटं सोडून बाहेर पडता येत नाही म्हणून औषध आणायलाही तिला बरोबर न्यावं लागतं, निमाणी स्टँडला आलं की ती म्हणते आपण त्र्यंबकला चाललोय का. आम्हा दोघांनाही एसटी अर्धी आहे, तक्रार नाही. पण नाशिकमधल्या नाशिकमध्ये एसटी नाही, रिक्षाच. शेअर रिक्षात तिला बसवलं तर ती मधेच उतरायला बघते म्हणून स्पेशल. तुम्हा लोकांचं सगळं बोलणं एसटी आणि रेल्वेचं आहे, आमचा खर्च घर ते डॉक्टर या चार किलोमीटरचा आहे. त्याला कुठलीही योजना नाही. मीटर हा शब्द नाशकात काढला की रिक्षावाला आपल्याकडे पाहुणा असल्यासारखं बघतो.

आम्ही शेवटी एक रिक्षावाला धरला, महिन्याचा ठरवून. तो तिला ओळखतो, ती पण त्याला ओळखते म्हणजे कधी भाऊ म्हणते कधी मामा. फोन केला की येतो, पैसे महिन्याच्या शेवटी एकदम. सुट्ट्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

मालेगावचा_भो :

नाना, हात जोडतो तुम्हाला. महिन्याचा रिक्षावाला ही आयडिया भारी. शाळेच्या पोरांचे असतात तसे.

विशेष_आई :

माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा. थेरपीसाठी गंगापूर रोडला नियमित जावं लागतं, आम्ही राहतो आडगावकडे, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. आता त्यात कुंभमेळ्याची कामं, आज हा रस्ता बंद उद्या तो.

माझ्याकडून माहिती: केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी, वर्षाला १ लाखापर्यंत. त्यात ओपीडी आणि थेरपी पण येते आणि प्रवासखर्चाचं पण एक छोटं कलम आहे. ती रक्कम इतकी किरकोळ आहे की आमची महिनाभराची रिक्षा सुद्धा त्यात बसत नाही, पण बिलं जपून ठेवा, मिळतंय ते सोडू नका.

आणि कायद्यात काळजीवाहू भत्ता आहे बरं का! दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २४. ज्या दिव्यांगांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची योजना सरकारने करावी असं लिहिलेलं आहे. फक्त त्याच कलमात आधी लिहिलंय की आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. झालं, तिथेच गाडी पंक्चर. केरळात आश्वासकिरणम म्हणून योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. ६०० मध्ये काय होतं म्हणाल, पण तिथे निदान सांभाळणारा माणूस कागदावर आहे. इथे आम्ही कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

शंकासुर :

कलम २४ माहीत नव्हतं. हे वाचून माझं मत थोडं हललं. भत्ता असेल तर तो थेट खात्यात द्या, एसटीच्या गळ्यात कशाला? नानांची रिक्षा पण त्यातून भागेल, वाहकाला रिकाम्या सीटकडे बघत बसायला नको.

विशेष_आई :

अगदी हेच. मला सवलत नको आहे, सवलत म्हणजे मी त्यांच्याच गाडीने त्यांच्याच वेळेला गेलं पाहिजे. मुलगा मधेच चिडला तर मी भर उन्हात बसस्टॉपवर थांबू शकत नाही, समोर येईल त्या रिक्षात बसते.

हिशोबनीस :

टॅक्स भरणाऱ्यांसाठी. घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसाचा (आई, वडील, मूल, नवरा-बायको, भाऊ-बहीण) खर्च तुम्ही करत असाल तर ८०डीडी खाली ७५,००० आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,००० वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघत नाहीत, ठोक रक्कम आहे. सर्टिफिकेट लागतं. पण हे फक्त जुन्या पद्धतीने रिटर्न भरलं तर, नवीन रिजीममध्ये नाही. @पाथर्डी_फाटा तुमच्या आईचं दिव्यांग सर्टिफिकेट काढलंय का? पॅरालिसिसनंतरची कायमची कमजोरी त्यात बसू शकते.

पाथर्डी_फाटा :

नाही काढलेलं. डॉक्टर म्हणाले होते अजून सुधारणा होतेय, थांबा. पण आता बराच काळ एकाच जागी आहे ती.

सातपूरची_सिस्टर :

मग आता काढा. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलला तपासणी. नेताना झटका आला तेव्हाची डिस्चार्ज समरी, एमआरआयचा रिपोर्ट आणि आत्ताचा फिजिओचा कागद, तिन्हीच्या झेरॉक्स आणि ओरिजिनल वेगवेगळ्या पिशव्यांत. ओरिजिनल हातातून सोडायचं नाही. सुधारणा होण्यासारखी असेल तर ठरावीक मुदतीचं देतात, पण तेही चालतं. ६५ च्या वर टक्का आला तर तुमच्या भावाचं एसटीचं अर्धं झालं, आई सोबत असताना.

दूरदेशी_नाशिककर :

मी इंग्लंडमध्ये असते, सासूबाई इथल्याच. तुम्हाला वाटेल तिकडे सगळं आलबेल. इथे आठवड्याला ३५ तास किंवा जास्त सांभाळलं तर केअरर्स अलाउन्स मिळतो, २०२५-२६ ला आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स, पण तुम्ही ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावलं की बंद. कमी उत्पन्नाच्या पेशंटला हॉस्पिटलला जायचं भाडं परत मिळतं आणि डॉक्टरने गरज आहे म्हटलं तर सोबतच्याचं पण. काही कौन्सिल दिव्यांगाच्या बसपासवर साथीदाराची सोय देतात, काही नाही. पण मुद्दा हा की इथेही साथीदाराची सोय पासवाला सोबत असेल तेव्हाच. मी एकटी औषध घेऊन निघाले की माझं तिकीट मी काढते. आणि ॲडमिट माणसाला नुसतं भेटायला जायचं भाडं त्या योजनेत मिळत नाही. तो घोळ इथे पण आहे, फक्त बस वेळेवर येते.

मालेगावचा_भो :

बस वेळेवर येते म्हणे. इतकं श्रीमंत होऊ नये माणसाने.

सिडकोकर :

माझं एक म्हणणं, भाडं कमी करण्यापेक्षा जाणंच कमी करा. आम्ही काय केलं: वडिलांचा हयातीचा दाखला घरूनच, जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतो. ७० च्या वरच्यांना आणि दिव्यांगांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय, शाखेत लेखी अर्ज द्या. साधा फॉलोअप असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर फोनवर बघतात, फुकट. मोठ्या हॉस्पिटलांत फाइल नंबरवर रिपोर्ट ऑनलाइन दिसतो का ते आधी विचारा. यातून आमच्या बऱ्याच चकरा कमी झाल्या. डायलिसिस मात्र ॲपवर होत नाही.

नाना_पंचवटी :

चेहरा दाखवायला हिला सांगितलं तर ही फोनला नमस्कार करते. पण प्रयत्न करतो.

पाथर्डी_फाटा :

तुम्हा सगळ्यांचे आभार. मी एक निवेदन लिहायचं ठरवलंय. कुणाला द्यावं? डेपोला देऊन उपयोग नाही ना?

खाकी_निवृत्त :

डेपो मॅनेजर शिक्का मारून फाइलला लावेल, त्याच्या हातात काही नाही. सवलती मंत्रालयात ठरतात. एक प्रत परिवहन विभागाला, एक दिव्यांग कल्याण विभागाला (डिसेंबर २०२२ पासून तो वेगळा विभाग झालाय) आणि नाशिकपुरती एक महापालिका आयुक्तांना. महापालिकेला आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यातून रिक्षाखर्च मागा. पोच घ्या प्रत्येक प्रतीवर.

विशेष_आई :

मागण्या कमी ठेवा नाहीतर कुणी वाचत नाही. मला वाटतं दोन पुरे. एक, दिव्यांगाच्या साथीदाराला जी अर्ध्या तिकिटाची सोय आहे ती डायलिसिस आणि कॅन्सर पेशंटच्या साथीदारालाही द्या, पुरुष असो बाई असो. दोन, कलम २४ चा भत्ता राज्यात सुरू करा, थेट खात्यात.

सिडकोकर :

आणि एकट्याने जाणाऱ्याचं? मूळ प्रश्न तोच होता ताईंचा.

शंकासुर :

त्याला पुरावा द्या. दवाखान्यातून निघताना केसपेपरवर तारखेचा शिक्का मारतातच, फिजिओ आणि मेडिकलची बिलं पण असतात. महिन्याच्या शेवटी ती आणि एसटीचं तिकीट जोडून परतावा मागायचा, नोकरीत टीए (प्रवासभत्ता) बिल भरतो तसं. वाहकाला त्रास नाही, खोटेपणाला जागा कमी. हे तिसरं कलम टाका, माझी सही घ्या.

मालेगावचा_भो :

शंकासुराची सही! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अनघा_नारो :

तिकिटं जपून ठेवायची तर झेरॉक्स काढा लगेच, मशीनचं तिकीट महिन्याभरात कोरं होतं, अक्षर उडून जातं.

नाना_पंचवटी :

रिक्षावाला पावती देत नाही. त्याचं काय लिहिणार?

शंकासुर :

@नाना_पंचवटी महिन्याचे पैसे त्याला यूपीआयने द्या, बँक स्टेटमेंट हीच पावती.

पाथर्डी_फाटा :

ठीक, तीन कलमं. मसुदा रविवारी इथेच टाकते, शुद्धलेखन कुणीतरी बघा. आईचा स्वावलंबनचा अर्ज आजच भरला, फोटो तेवढा अपलोड होत नाहीये, साईझ मोठी सांगतंय. कुणाला माहितीये किती केबीचा लागतो?

सिडकोकर :

फोटोखालीच मर्यादा लिहिलेली असते बघा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून तिथून सेव्ह करा, आपोआप लहान होतो.